घराजवळचं झाड पाडायचंय? मे अर्धा व्हायच्या आत पाडा, आणि तुकड्या-तुकड्यांनी

दरवर्षी आमच्याकडे कोकणात हेच होतं. एप्रिलभर परसातलं झाड कुणाला दिसत नाही आणि पहिला वळीव ठोकून गेला की सगळ्यांना एकदम आठवतं, अरे तो फणस पडवीवर आलाय. मग मशीनवाला (चेनसॉ म्हणजे लाकूड कापायचं मशीन चालवणारा) मिळत नाही, मिळाला तर त्याला त्याच दिवशी अजून चार घरं करायची असतात, माती भिजलेली, वारा सुटलेला. २०२० ला निसर्ग वादळ ३ जूनला आलं होतं, पण पुढच्याच वर्षी तौक्ते १६-१७ मे ला किनाऱ्याजवळून गेलं, म्हणजे पाऊस लागायच्या आधी करू या हिशोबाला आता काही अर्थ राहिला नाही. काम सकाळी लवकर काढा, दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि त्यात माणूस झाडावर नको.

आधी हे बघा की झाड खरंच पाडायला हवं का. माझ्या मते निम्म्या वेळा नुसती छाटणी पुरते. लहानपणापासून वाकडं वाढलेलं झाड सहसा पडत नाही, त्याने मुळं त्या हिशोबाने धरलेली असतात. पण यंदाच कलायला लागलं असेल आणि उलट्या बाजूची जमीन फुगली असेल किंवा भेग पडली असेल तर मात्र थांबू नका. बुंध्याशी अळंबी आली का, वाळवीची माती चढली का, आंब्याला भिरूड (खोड पोखरणारी अळी) लागून भुसा पडतोय का ते बघा. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने बुंध्यावर ठोका, पोकळ असेल तर आवाजच सांगतो. माडाचं वेगळं असतं, सोंड्या भुंग्याने खोड आतून खाल्लेलं असलं तरी बाहेरून ठीकठाक दिसतं, म्हणून भोकातून तांबूस चिकट पाणी गळत असेल तर पाडेल्याला (नारळ काढायला माडावर चढणाऱ्याला) वर चढवू नका, तो शेंड्यासकट खाली येईल. आणि माडाचा शेंडा छाटून उंची कमी करू असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, शेंडा गेला की माड गेला.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. माझ्या जागेतलं माझं झाड, मला कोण विचारणार, असं बरेच जण म्हणतात, ते चालत नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा अशी झाडं येतात, ती स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगी लागते, त्यासाठी वनविभागाच्या तालुक्याच्या ऑफिसात चौकशी करा. नगरपालिका हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे, तिथे नगरपालिकेत अर्ज. अर्जासोबत सातबारा आणि झाड घरावर आलेलं दिसेल असे फोटो जोडा. सातबाऱ्यावर मुंबईच्या काकांचं नाव असेल तर त्यांचीही सही आधीच घ्या, नंतर भांडणं होतात.

आता उंची मोजा. खांद्यापासून मुठीपर्यंतच्या हाताएवढी काठी घ्या, हात सरळ करून ती उभी धरा आणि मागे मागे जात रहा, काठीचं खालचं टोक बुंध्याशी आणि वरचं शेंड्याशी जुळलं की तुम्ही उभे आहात तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे साधारण झाडाची उंची. या उंचीच्या दीडपट अंतरात घर, गोठा, विहीर, शेजाऱ्याची कौलं किंवा लाईटची तार येत असेल तर ते झाड बुंध्यातून एकदम पाडायचं नाही. मशीनवाला म्हणेल मी बरोबर मधे पाडतो, काका काळजी नको. आमच्याकडे असंच म्हणाला होता. दोर तोकडा पडला, झाड फिरलं आणि पडवीच्या कौलांच्या दोन ओळी गेल्या, नशीब आई आत नव्हती.

तार जवळ असेल तर महावितरणकडे आधी लेखी अर्ज द्या आणि त्या दिवशी लाईन बंद करून घ्या, लाईन बंद झालीय असं त्यांचा माणूस समोर येऊन सांगेपर्यंत कुणी झाडावर चढायचं नाही. ओल्या फांदीतूनही करंट येतो. फांदी तारेवर अडकलीच तर बांबूने ढकलायला जाऊ नका, लांब व्हा आणि १९१२ ला फोन करा.

वरून खाली यायचं. आधी फांद्या, मग शेंडा, मग खोडाचे तुकडे. घराच्या बाजूची प्रत्येक फांदी वरच्या भक्कम फाट्यावरून दोर घेऊन बांधायची आणि दोर खाली दुसऱ्या झाडाला एक-दोन वेढे देऊन सैल सोडत उतरवायची, दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही म्हणजे नाही. फांदी कापताना आधी खालून थोडी खाच, मग वरून काप, नाहीतर साल बुंध्यापर्यंत सोलत येते. मशीन खांद्याच्या वर उचलून चालवायचं नाही आणि शिडीवर उभं राहून तर अजिबात नाही, पात्याचं टोक अडकलं की मशीन उलटं तोंडावर येतं. मशीन हौसेने विकत घेतलेल्या भाच्यांनी हे परत एकदा वाचावं.

शेवटी उरलेलं बुटकं खोड मोकळ्या जागेकडे पाडताना ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खाच काढा, मग मागून खाचेच्या तळापेक्षा दोन बोटं वर काप घ्या आणि मधे जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढं लाकूड बिजागरीसारखं ठेवा, ते पूर्ण कापलं की झाड कुठेही जाईल. मागच्या कापात पाचर ठोका. पळायची वाट आधीच साफ करा, सरळ मागे नाही, तिरकी मागे. माडाला ही बिजागरी नीट धरत नाही, त्याचं लाकूडच तसं नाही, म्हणून घराजवळचा माड तुकड्यांनीच उतरवा. आणि अर्धं कापलेलं झाड ठेवून जेवायला जाऊ नका.

त्या वेळात घर रिकामं, माळ्यावर पण कुणी नको, गॅस सिलिंडर बंद, गुरं लांब बांधा, पोरं शेजारी. सेप्टिक टँकच्या झाकणावर ओंडका पडू देऊ नका. कौलं फुटली तर कुणाच्या खर्चाने हे मजुरीसोबतच ठरवा.

नुसती छाटणी केली असेल तर आंबा-फणसाच्या कापावर बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत. पाडलेल्या माडाचं खोड आणि खुंट परसात कुजत ठेवू नका, गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा दोघांची तिथेच पैदास होते आणि मग शेजारचे चांगले माड जातात, फोडून जाळा किंवा घेऊन जाणाऱ्याला द्या. त्याच जागी नवीन रोप लावायची घाई नको, दोन माडांत जे साडेसात मीटर ठेवतो निदान तेवढं तरी भिंतीपासून सोडा, फणसाला त्याहून जास्त.