आफ्रिकन सिक्लिडची टाकी लावताय? सोबती निवडताना या चुका टाळा

ज्या बोअरच्या पाण्याच्या नावानं आपण मराठवाड्यात बोटं मोडतो, ज्यानं गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर पांढरे थर चढतात, ते जड पाणी आफ्रिकन सिक्लिडना, म्हणजे आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवरांतल्या रंगीबेरंगी माशांना, चांगलं मानवतं. मलावी सरोवराचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे तो आकडा, साधारण 7.7 ते 8.6 असतो, टांगानिकाचा त्याहून वर, 9 च्या आसपास. मऊ पाण्याच्या गावात हौशी माणसाला त्यासाठी क्षार विकत आणून टाकावे लागतात. आपल्याकडं निम्मं काम जमिनीनंच केलेलं असतं. तरी टाकी बिघडते, आणि बहुतेक वेळा कारण पाणी नसतंच. एकमेकांशी न पटणारे मासे एका काचेत कोंडलेले असतात.

'मिक्स आफ्रिकन'ची पिशवी

दुकानात दीड-दोन इंचाची निळी, पिवळी, केशरी पिल्लं एकाच टाकीत शेकड्यानं फिरत असतात. "घ्या साहेब, सगळे सोबतच राहतात," असं दुकानदार सांगतो आणि त्या टाकीपुरतं ते खरंही असतं. तिथं दगड नाही, कपार नाही आणि गर्दी एवढी की कुणाला हद्द आखायला जागाच नाही. घरी आणून चार दगड ठेवले की पहिल्याच आठवड्यात जागेची वाटणी सुरू होते.

सगळ्यात जास्त फसवतो तो ऑरॅटस. लहानपणी पिवळाधमक, अंगावर काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या; मुलं हमखास त्याच्याकडंच बोट दाखवतात. नर वयात आला की रंग उलटतो, पिवळा जाऊन अंग काळपट होतं आणि पट्ट्या फिकट निळसर. रंगासोबत स्वभावही पालटतो. चार फुटांच्या टाकीत असा एक नर बाकी सगळ्यांना वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागं नेऊन बसवतो. हौशी लोकांत बदनाम असलेला हा मासा मिक्स पिशवीत मात्र जवळजवळ ठरलेला असतो. माझं मत विचाराल तर मिक्स पिशवी घेऊच नये. नाव विचारा, आणि दुकानदाराला नाव सांगता येत नसेल तर मासा तिथंच राहू द्या.

पिल्लं असूनही मासे भडक रंगलेले दिसले तर आणखी सावध राहा. मोर सिक्लिडच्या, म्हणजे पीकॉकच्या पिल्लांना आणि माद्यांना हार्मोन देऊन रंग आणायची पद्धत या धंद्यात जुनी आहे. दोन-तीन महिन्यांत तो रंग उडतो. अंगावर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखा दिसणारा ओबी पीकॉक तर सरोवरात सापडतच नाही, तो माणसानं संकर करून तयार केलेला आहे. पाळायला हरकत नाही, फक्त त्याची पिल्लं अस्सल म्हणून कुणाला देऊ नका.

खडकावरचे आणि वाळूवरचे

मलावीच्या माशांमध्ये ही एक विभागणी कळली की निम्मी भांडणं टळतात. म्बुना खडकावर राहतात, दगडावरचं शेवाळ खरवडून खातात आणि आपला दगड जिवापाड राखतात. यलो लॅब, रस्टी, रेड झेब्रा, डेमासोनी, ऑरॅटस हे सगळे त्यातलेच. पीकॉकचं जगणं वेगळं. त्याच्या जबड्याखाली बारीक छिद्रांची रांग असते. वाळूपासून बोटभर उंचीवर तो स्थिर तरंगतो, वाळूतल्या किड्याची हालचाल त्या छिद्रांनी टिपतो आणि मग झडप घालतो. इतक्या शांत माशाला म्बुनांच्या धुमश्चक्रीत टाकलं की खाणं त्याच्यापर्यंत पोचत नाही, रंग उतरतो आणि शेपटीच्या चिंध्या होतात.

शिवाय दोघांचं ताट वेगळं. शेवाळ खाणाऱ्या म्बुनाचं आतडं लांब असतं, त्याला स्पिरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) असलेलं खाद्य लागतं. पीकॉकला प्रथिनं जास्त लागतात. दोघांना एकच ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा, काही जण घालतात तसं, चिकनचं काळीज घातलं तर म्बुनाचं पोट फुगतं. खाणं सोडणं, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, कोपऱ्यात जाऊन जोरजोरात श्वास घेणं, ही त्याची लक्षणं. हौशी लोक याला मलावी ब्लोट म्हणतात. पोट फुगलेलं डोळ्यांना दिसतं तोवर बहुधा उशीर झालेला असतो, म्हणून मासा तोंडात दाणा घेऊन थुंकायला लागला की त्याच दिवशी त्याला वेगळा काढा, खाद्य थांबवा आणि मेट्रोनिडाझोल या औषधाबद्दल जाणकाराला विचारा.

यलो लॅब थोडा अपवाद आहे. म्बुना असूनही तो किडे-अळ्या खातो आणि स्वभावानं बराच निवांत असतो. पीकॉकसोबत एखादा म्बुना ठेवायचाच असेल तर तोच.

लिव्हिंगस्टोनी लहान माशांत कधीच नको. हा तळाशी आडवा पडून मेल्याचं सोंग घेतो आणि मासा बघायला जवळ आला की गिळतो. टांगानिकाचा फ्रंटोसा फूटभर वाढतो, पण हालचालीला संथ. चपळ म्बुना त्याच्या तोंडचा घास पळवतात. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, गोल्डफिश, एंजल यांची मोट आफ्रिकनसोबत बांधू नये, एवढंच पुरे.

एका रंगाचे दोन नर

सिक्लिड नर आपल्यासारख्या दिसणाऱ्या नरावर आधी धावून जातो. निळ्या अंगावर काळे उभे पट्टे असलेल्या दोन वेगळ्या जाती आणल्या तरी त्यांच्या दृष्टीनं ते एकाच बायकोवर टपलेले दोघं. म्हणून रंग आणि पट्टे वेगळे असलेल्या जाती निवडा. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत साधारण 250 लिटर पाणी मावतं. तीत यलो लॅब, रस्टी आणि झेब्राची एखादी जात, प्रत्येकी पाच-सहा, हा नव्या माणसासाठी खात्रीचा संच. एका नरामागं किमान तीन माद्या हव्यात, नाहीतर एकाच मादीचा पिच्छा पुरवून नर तिला संपवतो. डेमासोनी आवडत असेल तर डझनभर तरी आणा, कारण तीन-चार आणले तर शेवटी एकच उरतो.

पीकॉकच्या माद्या सगळ्या सारख्याच मातकट दिसतात, त्यामुळं जाती सरमिसळ होतात. त्यांची टाकी फक्त नरांची आणि प्रत्येक जातीचा एकच, अशी ठेवलेली बरी.

दोन फुटी टाकीत म्बुना बसवायचा हट्ट सोडा. तिच्यात टांगानिकाचे शंखात राहणारे मल्टी छान नांदतात, मासा जेमतेम दीड-दोन इंचाचा. तळ्याकाठी मिळणारे गोल गोगलगाईचे रिकामे शंख उकळून वापरता येतात. मात्र 2022 च्या खरिपात ज्या शंखी गोगलगायींनी लातूर-बीडकडं सोयाबीन फस्त केलं, त्यांचे शंख शेतातून उचलू नका, त्यावर गोगलगाय मारायचं औषध पडलेलं असू शकतं.

आरओ, टँकर आणि उन्हाळा

'मासे महाग आहेत, म्हणून जारचं पाणी टाकलं,' हे वाक्य नेहमी ऐकू येतं. आरओच्या पाण्यात क्षार उरत नाहीत, पीएच डगमगतो. बोअरचं पाणी असेल तर तेच वापरा, फक्त नायट्रेट एकदा तपासून घ्या, काही ठिकाणी ते जास्त असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यासाठी हायपो (सोडियम थायोसल्फेट) टाका. टँकरचं पाणी दर खेपेला वेगळ्या विहिरीचं असू शकतं, म्हणून एका वेळी पाव टाकीपेक्षा जास्त बदलू नका. 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तशा वर्षी पाणी बदलायलाच मिळत नाही. मग मासे कमी आणि खाद्य त्याहून कमी, हाच उपाय.

जड पाण्याची एक खोड आहे. माशांच्या मलमूत्रातून पाण्यात येणाऱ्या अमोनियाचा पीएच 7 ला जेवढा भाग विषारी रूपात असतो, त्याच्या सुमारे वीसपट पीएच 8.4 ला असतो. म्हणून नव्या टाकीत एकदम वीस मासे सोडणं आफ्रिकनच्या बाबतीत जास्त महागात पडतं. फिल्टर आधी मुरू द्या, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढू द्या.

दगड आपला काळा पाषाण चालतो, शहाबादी फरशीचे तुकडेही चालतात. शहाबादी हा चुनखडीचाच दगड आहे, लिंबू पिळलं तर बुडबुडे येतात. दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर, पातळ थर्माकोलवर ठेवा आणि मग वाळू टाका. हे मासे वाळू उकरतात, ढीग कोसळून काच फुटते.

एप्रिल-मेमध्ये पाणी 32 अंशांपुढं गेलं की ऑक्सिजन कमी होतो आणि भांडणं वाढतात. झाकण काढून पाण्यावर टेबलफॅन लावा, एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या. डासांची कॉइल त्या खोलीत नको, पंप तीच हवा पाण्यात सोडतो.

मारामारी सुरू झाली तर

मार खाणाऱ्याला काढून उपयोग नाही, दादागिरी करणारा दुसरा गिऱ्हाईक शोधतो. दादालाच आठ-दहा दिवस वेगळं ठेवा, तेवढ्यात सगळे दगड हलवून मांडणी बदला आणि मग दिवे घालवून त्याला परत सोडा. जुन्या हद्दी पुसल्या गेल्या की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. नवा मासा आणतानाही हेच करा. आणि एकटा आणू नका, चार-पाच एकदम आणा, म्हणजे मार वाटला जातो.

एवढं करून नाहीच जमलं तर दुकानदाराला परत द्या किंवा त्याला वेगळी टाकी करा. तलावात किंवा धरणात मात्र सोडू नका. बाजारात मिळणारी चिलापी हीसुद्धा आफ्रिकन सिक्लिडच. 1952 मध्ये ती भारतात आणली आणि आज कुठल्याही धरणावर कोळ्यांच्या जाळ्यात तीच भरपूर येते.