उपाशीपोटी तोंडाला वास का येतो?

बरेच तास काही खाल्लं नाही की तोंडाला वास येतो, आणि आपण पोटाला दोष देतो. खरं कारण बहुतेक वेळा जिभेवर असतं. चावणं थांबलं की लाळ कमी सुटते. एरवी तोंड सतत धुऊन काढणारी हीच लाळ. ती आटली की जिभेच्या मागच्या भागातले जिवाणू तिथल्या मृत पेशी आणि प्रथिनं कुजवतात, त्यातून गंधकयुक्त वायू तयार होतात. म्हणून नुसते दात घासून भागत नाही. जीभ अगदी मागपर्यंत, पण हलक्या हाताने साफ करा. पाणी चालत असेल तर थोडं थोडं पीत राहा, नाहीतर निदान चुळा भरा. अल्कोहोल असलेला माउथवॉश मात्र टाळा, त्याने तोंड आणखी कोरडं पडू शकतं.

उपवास लांबला की दुसरं कारण येतं. शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून अ‍ॅसिटोन बनतं आणि ते श्वासावाटे बाहेर पडतं. हा वास गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा. तो फुप्फुसांतून येतो, त्यामुळे ब्रशने जात नाही. खाल्ल्यावर हळूहळू ओसरतो.

मधुमेह असलेल्यांनी हा वास हलक्यात घेऊ नये. सोबत उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल तर ताबडतोब दवाखाना गाठा.