वादळात नांगरावर रात्र काढायची, तर

आमच्या 11 मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीवर सुकाणू नवऱ्याकडे आणि नांगर माझ्याकडे, ही वाटणी पहिल्याच वर्षी झाली. त्यामुळे नांगर सरकला तर चूक कुणाची यावर वाद होत नाही. एकदा सरकला होता, आणि तो माझ्याच हिशेबामुळे.

पाणी 5 मीटर दिसत होतं. खोलीच्या सातपट साखळी हवी, म्हणून मी 35 मीटर सोडली आणि स्वयंपाकाला लागले. पण ते 5 मीटर ओहोटीचे होते. मध्यरात्रीपर्यंत भरतीने 2 मीटर पाणी चढलं. शिवाय साखळी सुटते ती नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या, रोलरवरून, आणि आमचा रोलर पाण्यापासून 1 मीटर वर आहे. म्हणजे खरी उंची 8 मीटर, आणि साखळी साडेचारपटही नाही. आता मी पूर्ण भरतीची खोली घेते, त्यात रोलरची उंची मिळवते आणि मग सातने गुणते: 56 मीटर. फिरायला जागा असेल तर दहापट. तुमचा खोलीमापक पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतो की बोटीच्या तळापासून, तेही एकदा तपासा. उरलेली साखळी लॉकरमध्ये पडून कुणाला वाचवत नाही.

जागा निवडताना आत्ताचा वारा बघू नका, पहाटेचा बघा. ज्या किनाऱ्याचा आडोसा घेतला, वारा उलटा फिरला की त्याच किनाऱ्याचे खडक आपल्या पाठीशी येतात. तळाला वाळू किंवा घट्ट चिखल असावा. पाणवनस्पतींत नांगर रुतल्यासारखा वाटतो आणि मग गवताचा गठ्ठा घेऊन निघून येतो. साखळी सोडून झाली की इंजिन रिव्हर्समध्ये आधी मंद, मग जोरात. त्या वेळी किनाऱ्यावरच्या, एकामागे एक असलेल्या दोन खुणांकडे बघायचं. त्या एका रेषेत राहिल्या तर नांगर धरला. साखळीवर अलगद पाऊल ठेवलं तर नांगर घसरतानाची खडखडही कळते. बोटं मात्र साखळीजवळ न्यायची नाहीत, मुलांची तर मुळीच नाहीत.

हे सगळं उजेडात उरकायचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, म्हणून 15 नॉटला सहज जमणारं काम 30 नॉटला जमत नाही. वाऱ्याला धरायला जे जे मिळेल ते उतरवा: छत, कापडी आडोसे, वाळत घातलेले कपडे. गुंडाळायच्या पुढच्या शिडावर माझा अजिबात विश्वास नाही. ते मध्यरात्री सुटलं की बोट वेड्यासारखी हेलपाटते. वेळ असेल तर आम्ही ते काढूनच ठेवतो, नाहीतर दोराचे जास्तीचे वेढे देऊन करकचून बांधतो. छोटी होडी पाण्यात ठेवाल तर ती उलटेल, डेकवर घ्या.

आता स्नबर, म्हणजे हिसके जिरवणारा दोर. साखळी ताठ झाली की प्रत्येक लाटेचा हिसका थेट नांगराला आणि विंडलासला, म्हणजे साखळी ओढणाऱ्या यंत्राला, बसतो, आणि विंडलास तो भार पेलायला बनवलेलाच नसतो. म्हणून 8-10 मीटर नायलॉनचा दोर साखळीला अडकवून त्याचं दुसरं टोक डेकवरच्या मजबूत खुंट्याला बांधायचं, आणि सगळा ताण त्या दोरावर येईल इतकी साखळी सैल सोडायची. नायलॉन ताणतो, म्हणून हिसका जिरतो. पण तोच दोर कडेला घासून तुटतो. तिथे जाड कापड गुंडाळा, दर तासाला टॉर्च घेऊन बघा, आणि हातभर दोर पुढे सोडा म्हणजे घासण्याची जागा बदलते. दुसरा दोर तयार हवा.

दुसरा नांगर टाकावा का, असं लोक विचारतात. आम्ही टाकत नाही. वारा फिरला की दोन्हींचा गुंता होतो आणि घाईत निघायचं झालं तर तो सोडवत बसावं लागतं.

जेवण अंधाराआधी, साधं. मळमळ थांबवण्याचं औषध उलटी सुरू होण्याआधी द्यायचं. डेकवर जाणाऱ्याने लाइफ जॅकेट घालून दोराने स्वतःला अडकवायचं, इंजिनाची किल्ली जागेवर, नांगराचा दिवा चालू. बोट ठरवलेल्या वर्तुळाबाहेर सरकली की अलार्म वाजतो; ते वर्तुळ नांगर टाकल्याच क्षणी, नांगराच्या जागेवर धरा. नंतर लावलं तर मध्यबिंदू चुकतो.

त्या रात्री आमचा अलार्म वाजायच्या आधी मुलगी खिडकीतून म्हणाली, “आई, तो दिवा मगाशी खडकाच्या डावीकडे होता ना?” होता. बोट वाऱ्यात डावी-उजवीकडे झोके घेतेच, त्याने घाबरायचं नाही. पण खूण एकाच बाजूला सरकत राहिली आणि परत आली नाही, तर नांगर सुटलाय. आधी इंजिन सुरू करून मंद गतीने पुढे, म्हणजे साखळीवरचा ताण कमी होतो. मागे जागा असेल तर आणखी साखळी सोडा. आम्ही 20 मीटर सोडली आणि बोट थांबली. जागा नसेल तर सगळं सोडून निघायची तयारी हवी: साखळीचं शेवटचं टोक बोटीला दोरानेच बांधलेलं असावं, तो दोर डेकपर्यंत पोहोचावा आणि सुरी हाताशी असावी. साखळीला फेंडर (बोटीच्या कडेला लावतात तो तरंगणारा फुगा) बांधून दोर कापला, तर ती नंतर सापडते.

सकाळी नांगर इतका खोल रुतलेला असतो की विंडलासने ओढायच्या फंदात पडू नका. साखळी उभी होईपर्यंत गोळा करा, खुंट्याला बांधा आणि चहा ठेवा. लाटेवर वर-खाली होत बोटच त्याला उपटते. आमचा त्या दिवशी तिसऱ्या कपाला निघाला, बादलीभर काळा चिखल घेऊन.