आठवडे बाजारात सेंद्रिय मालाचा स्टॉल लावताना

आठवडे बाजारात सेंद्रिय धान्य, कडधान्ये, गूळ, तेल आणि भाजीपाला घेऊन बसणाऱ्याला ग्राहक दोन पैसे जास्त देतो ते खात्रीपोटी. शेजारच्या पालावरची तूरडाळ आणि आपली तूरडाळ नुसत्या डोळ्यांनी पाहिली तर जवळजवळ सारखीच दिसते. फरक पडतो तो त्या डाळीविषयी आपण काय सांगू शकतो याने. म्हणून जो माल कुणाच्या शेतातून, कोणत्या हंगामात आणि कोणत्या पद्धतीने पिकून आला हे आपल्याला सांगता येत नाही, तो स्टॉलवर मांडायचाच नाही, असे सुरुवातीलाच ठरवून टाकावे. पुढचे बहुतेक निर्णय, अगदी पिशवीवर काय लिहावे इथपर्यंतचे, याच एका निर्णयातून सुटत जातात.

जागा आणि कागदपत्रे

महाराष्ट्रात जुलै 2016 मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त झाला आणि शेतकऱ्याला शहरात थेट विक्री करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. राज्य कृषी पणन मंडळाचे ‘संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान’ही त्याच सुमाराचे. अशा बाजारात बहुधा शेतकरी गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावाने जागा मिळते, तर गावच्या जुन्या बाजारात ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची पावती फाडून बसता येते. सेंद्रिय मालासाठी पहिला प्रकार बरा, कारण तेथे ग्राहक शेतकऱ्याला भेटायच्या तयारीनेच आलेला असतो. गावच्या बाजारात मात्र भावाची घासाघीस मोठी असते आणि माल समजावून सांगायला सवड मिळत नाही. सातबारा उतारा जवळ ठेवावा आणि ई-पीक पाहणीत आपले पीक नोंदवलेले आहे याची खात्री करावी. हरभरा विकणाऱ्याच्या सातबाऱ्यावर हरभऱ्याची नोंद असणे हा साधा, पण फार उपयोगी पुरावा आहे.

स्वतःच्या शेतातला माल जसाच्या तसा विकणाऱ्या शेतकऱ्याला 2006 चा अन्न सुरक्षा कायदा लागू होत नाही. मात्र डाळ भरडणे, पीठ दळणे, तेल काढणे, लोणचे घालणे असे काही केले किंवा दुसऱ्याचा माल आणून विकला, की आपण अन्न व्यावसायिक ठरतो आणि नोंदणी घ्यावी लागते. लहान व्यवसायासाठी ही नोंदणी ऑनलाइन होते आणि तिचे शुल्कही किरकोळ असते, त्यामुळे ती टाळण्यात काहीच हशील नाही. खाद्यतेल सुटे विकण्यास केंद्रीय नियमांनी मनाई आहे, हे लाकडी घाण्याचे तेल विकणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. डब्यातून ग्राहकाच्या बाटलीत ओतून देण्याऐवजी सीलबंद बाटलीच द्यावी.

‘सेंद्रिय’ म्हणण्याचा अधिकार

पाटीवर ‘सेंद्रिय’ हा शब्द लिहिण्यापूर्वी आपण नेमके कोठे उभे आहोत हे पाहावे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली त्रयस्थ संस्था तपासणी करून प्रमाणपत्र देते. त्यात हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी दोन वर्षे आणि फळबागेसारख्या बहुवर्षायू पिकांसाठी पहिल्या तोडणीपूर्वी तीन वर्षे रूपांतरणाचा, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे वळण्याचा, काळ धरला जातो. दुसरी वाट सहभाग हमी पद्धतीची, म्हणजे पीजीएस-इंडियाची. तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करून एकमेकांची हमी घेतो. आठवडे बाजारातल्या विक्रेत्याला ही दुसरी वाट अधिक झेपणारी आहे, आणि माझ्या मते ती अधिक मोलाचीही आहे, कारण शेजारच्या बांधावरच्या शेतकऱ्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

2017 च्या सेंद्रिय अन्नविषयक नियमांनी वार्षिक उलाढाल 12 लाख रुपयांपर्यंत असलेल्या लहान उत्पादकाला थेट ग्राहकाला विक्री करताना प्रमाणपत्राच्या सक्तीतून सूट दिली. मात्र प्रमाणपत्राशिवाय ‘जैविक भारत’ हे चिन्ह त्याला वापरता येत नाही. ही सूट कोणत्या अटींवर आहे ते दरवर्षी तपासून घ्यावे. रूपांतरणाच्या काळात असाल तर पाटीवर तसेच लिहावे: ‘रासायनिक खत जून 2023 पासून बंद, प्रमाणपत्र अजून नाही.’ असे स्पष्ट लिहिले की ग्राहक दुरावतील ही भीती निराधार आहे. ‘शंभर टक्के विषमुक्त’ या पाटीसमोर मात्र विचारी ग्राहक थांबत नाही, कारण शेजारच्या उसावर फवारलेले औषध वाऱ्याने आपल्या मेथीवर येत नाही याची शंभर टक्के हमी कोणीच देऊ शकत नाही. बांधालगतच्या दोन-चार ओळी वेगळ्या काढून तो माल सेंद्रिय म्हणून न विकणे, आणि ते ग्राहकाला सांगणे, हे त्या पाटीपेक्षा कितीतरी अधिक पटते.

प्रयोगशाळेचा कीडनाशक-अंशांचा अहवाल असेल तर तो जरूर लावावा, पण तो ज्या खेपेचा आहे त्याच खेपेपुरता. गेल्या वर्षीच्या तांदळाचा अहवाल यंदाच्या गव्हाशेजारी टांगणे ही सरळसरळ दिशाभूल आहे.

मालाची निवड आणि राखण

सुरुवातीला आठ-दहा वस्तूंपेक्षा अधिक मांडू नयेत. आपल्या भागात जे उत्तम पिकते तेच पुढे करावे: आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, मावळातला इंद्रायणी तांदूळ, मंगळवेढ्याची ज्वारी, वायगावची हळद, सांगली-कोल्हापूरकडचा खपली गहू, डोंगरी भागातली नाचणी आणि वरई. दुसऱ्या भागातला माल ठेवायचा असेल तर तेथल्या गटाचे नाव आणि गाव पाटीवर यावे आणि तो ‘आमच्या शेतातला’ म्हणून खपवू नये.

रसायन न वापरता धान्य टिकवणे हे या धंद्यातले सर्वांत कष्टाचे काम आहे आणि नवे विक्रेते तेथेच फसतात. कडधान्यात भुंगेरा शेतातूनच अंडी घालून आलेला असतो, त्यामुळे काढणीनंतर कडक ऊन देणे चुकवून चालत नाही. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. दबला तर ओल आहे असे समजून पुन्हा वाळवावा आणि गार झाल्यावरच भरावा, कारण गरम धान्य डब्यात कोंडले की आत पाणी सुटते. घरच्या पद्धतीने एरंडेलाचा हात लावलेला गहू आणि तूर चांगली राहते, कडुनिंबाचा वाळलेला पालाही उपयोगी पडतो, पण मोठ्या साठ्यासाठी हवाबंद पिशव्याच खात्रीच्या. एवढे करूनही एखाद्या पिशवीत कीड निघेल. ती पिशवी निमूटपणे बदलून द्यावी. ‘कीड लागली म्हणजेच सेंद्रिय’ असे सांगून वेळ मारून नेणे शोभत नाही आणि ते खरेही नाही.

हातसडीचा किंवा बिनपॉलिशचा तांदूळ कोंड्यातल्या तेलामुळे लवकर खवट होतो, म्हणून साठा भाताचाच ठेवावा आणि बाजाराच्या आधी लागेल तेवढेच भरडून घ्यावे. बाजरीचे पीठ तर काही दिवसांतच कडवट होते. त्यामुळे बाजरीचे पीठ शक्यतो विकूच नये, बाजरी विकावी. ग्राहकाचा आग्रहच असेल तर आगाऊ मागणी घेऊन आदल्या दिवशी दळावे आणि पिशवीवर दळल्याची तारीख घालावी.

गुळाबद्दल सर्वांत जास्त प्रश्न येतात, म्हणून तो जरा जवळून पाहावा. उसाचा रस काहिलीत तापू लागला की वर मळी येते. पारंपरिक गुळव्या ती काढण्यासाठी रानभेंडी ठेचून तिचा चिकट रस टाकतो. मळी त्या चिकट्याला धरून वर येते आणि झाऱ्याने काढली जाते. पिवळाधमक रंग यावा म्हणून काही गुऱ्हाळांवर सोडियम हायड्रोसल्फाइट, ज्याला तेथे ‘हायड्रॉस’ म्हणतात, ते टाकले जाते. त्याशिवायचा गूळ तांबूस-तपकिरी होतो. परंतु याचा उलटा अर्थ काढू नये. रस जास्त कढला, मळी नीट निघाली नाही किंवा जमीन क्षारपड असली, तरीही गूळ काळपट होतो, त्यामुळे काळा गूळ म्हणजे सेंद्रिय गूळ असे सांगणे चूक आहे. बाजारात एखादी ताई ढेप हातात घेऊन विचारते, “दादा, हा एवढा काळा का?” तेव्हा गुऱ्हाळाचे गाव सांगावे, भेंडीची पद्धत सांगावी आणि एक खडा चाखायला द्यावा. नीट केलेल्या गुळाला खारट चव नसते आणि तो पाण्यात विरघळवला तर तळाशी फारशी माती राहत नाही. ही परीक्षा ग्राहकाला घरी करून पाहायला सांगावी.

शेंगदाणा तेलाच्या बाबतीत स्वच्छतेपेक्षाही निवड महत्त्वाची आहे. बुरशी आलेले, काळवंडलेले, सुरकुतलेले दाणे घाण्यात जाता कामा नयेत, कारण त्यांतील अफ्लाटॉक्सिन हे विष डोळ्यांना दिसत नाही, तापवून जात नाही आणि न शुद्धीकृत केलेल्या तेलात उतरू शकते. दाणे हाताने निवडण्याची मजुरी वाचवू नये. ज्याच्याकडे निवडीला माणूस नाही, त्याने शेंगदाण्याचे तेल विकायला घेऊ नये, इतके स्पष्ट माझे मत आहे.

भाव

भाव शेजाऱ्याचा पाहून ठरवू नये; मालाच्या उताऱ्यावरून ठरवावा. उदाहरणार्थ, एक किलो घाण्याचे तेल निघायला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात. दाणे 120 रुपये किलो धरले तर केवळ दाण्यांचेच 300 रुपये झाले. त्यातून पेंडीचे आलेले पैसे वजा करून घाणा, निवड, बाटली आणि वाहतूक मिळवावी. हा हिशेब छोट्या पाटीवर लिहून टांगला तर घासाघीस आपोआप कमी होते. एक लिटर तेल सुमारे 910 ग्रॅम भरते, त्यामुळे लिटरचा आणि किलोचा भाव वेगवेगळा असतो. आपण कशाने विकतो ते ठळक लिहावे. तुरीची डाळ करताना शंभर किलोंमागे सत्तर किलोंच्या आसपास डाळ हाती लागते, उरलेली चुणी आणि टरफल जनावरांना जाते, हेही ग्राहकांना क्वचितच माहीत असते.

इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी आणि प्रमाणपत्र काट्याजवळ लावावे. काट्याचा आकडा ग्राहकाकडे वळलेला असावा. घरी आधीच भरून आणलेल्या पाकिटांवर नाव-पत्ता, निव्वळ वजन, भरल्याचा महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो. ग्राहकासमोर मोजून दिलेल्या सुट्या मालाला हे बंधन नाही. म्हणूनच सुरुवातीला धान्य सुटेच विकणे सोयीचे. राज्यात 2018 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, तेव्हा कागदी पिशव्या न्याव्यात. पावसाळ्यात त्या दमट होतात, म्हणून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात आणि पोती फळीवर, जमिनीपासून वर रचावीत.

पालेभाजी

पालेभाजी पहाटे किंवा आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर काढून ओल्या गोणपाटात गुंडाळावी आणि सगळी एकदम न मांडता थोडी थोडी बाहेर काढावी. सडलेले पान काढावे, भोक पडलेले पान राहू द्यावे. चाकवत, अंबाडी, चुका, राजगिरा यांना शहरात चांगली मागणी असते. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी या रानभाज्या आणल्या तर करण्याची कृतीही सांगावी लागते. शेवळे ही रानभाजी आणली तर तिच्यासोबत काकड या झाडाची फळे द्यावीतच, नाहीतर खाजेने ग्राहकाचे हाल होतात. शेण-गोमूत्राचे जीवामृत किंवा शेणखत घातलेल्या शेतातली कोथिंबीर, मुळा आणि कांद्याची पात कच्ची खाल्ली जाते, म्हणून ती स्वच्छ पाण्यात धुऊनच खावी असे आपणहून सांगावे आणि स्वतः धुताना ओढ्याचे पाणी वापरू नये.

बोलण्यातली मर्यादा

नाचणीने मधुमेह जातो, गुळाने साखर वाढत नाही, खपली गव्हात ग्लूटेन नसते, अशी वाक्ये बाजारात सर्रास ऐकू येतात. ती बोलू नयेत. रोग बरा करण्याचे दावे कायद्याने वर्ज्य आहेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी माणसाला इजा होते. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन हे गव्हातले प्रथिन असते. सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याचा, आजार असलेल्या मुलाच्या आईने आपल्या भरवशावर तो नेला तर परिणाम गंभीर होऊ शकतो. तिला नाचणी, वरई, ज्वारी दाखवावी आणि ही धान्ये गहू दळलेल्या गिरणीत दळू नका, असे बजावावे.

उरलेल्या भाजीचा भाव शेवटच्या तासाला पाडला की नेहमीची गिऱ्हाईके पुढच्या वेळी उशिराच येऊ लागतात. त्याऐवजी बाजाराच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी घेऊन तेवढीच जुडी बांधावी. घरी परतल्यावर वहीत प्रत्येक वस्तूसमोर किती नेले, किती खपले, कोणत्या खेपेतून दिले आणि काय परत आले हे त्याच रात्री लिहावे, म्हणजे महिन्याभराने कोणी डाळीची तक्रार घेऊन आले तर ती नेमकी कोणत्या पोत्यातली होती, आणि त्या पोत्यातली डाळ आणखी कोणाकडे गेली, हे पाहून त्यांना कळवता येते.