एक पत्ता कमी : जुनी क्रिकेट कार्डं हुडकताना या चुका टाळा

१९९९ च्या उन्हाळ्यात परभणीत आमच्या गल्लीतल्या एकाही पोराकडं क्रिकेट कार्डांच्या संचातला ३७ नंबरचा पत्ता नव्हता. एकानं तर आईची शपथ घेऊन सांगितलं, की कंपनीनं तो छापलाच नाही. पुढं कितीतरी वर्षांनी नांदेडच्या एका मित्राच्या बिस्किटाच्या डब्यात तोच पत्ता चार वेळा निघाला. तोवर माझ्या संचातले मात्र मिळून पुन्हा हरवलेले नंबर ढीगभर झाले होते.

कारण साधं आहे. कार्डं मोठ्या शीटवर छापतात, कापून गठ्ठे लावतात आणि त्या गठ्ठ्यांतून पाकिटं भरतात. गावातल्या ठोक दुकानदाराकडं एकदोनच खोकी आली, की गावभर तेच ते निघतं आणि जे निघत नाही तेही सगळ्यांचं एकच असतं. पत्ता दुर्मीळ नसतो, तो आपल्या गावाला आलेला नसतो. म्हणून आपल्याच शाळेच्या, आपल्याच गल्लीच्या जुन्या दोस्तांना विचारत बसणं ही पहिली चूक. त्यांची खोकी तीच होती. दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला विचारा.

संच कोणत्या साली छापला हे न बघता शोधणं

यात माझे तीन महिने गेले. मला संजय बांगर हवा होता. माणूस बीडचा, २००२ मध्ये लीड्सला सलामीला येऊन ६८ धावा काढलेल्या. आपल्या भागाचा पत्ता संचात असणारच, असं मी मनात धरलं. मग एका संध्याकाळी सचिनचा पत्ता उलटून बघितला. वनडेतली सर्वोच्च धावसंख्या १४३. ती शारजातली, एप्रिल १९९८ ची. नोव्हेंबर १९९९ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यानं नाबाद १८६ केल्या. म्हणजे माझ्या संचातले आकडे या दोन तारखांमधले. बांगरनं कसोटी पदार्पण केलं डिसेंबर २००१ मध्ये, मोहालीत (त्याच कसोटीत औरंगाबादचा इक्बाल सिद्दिकीही पहिल्यांदा खेळला). तो माझ्या संचात असणं शक्यच नव्हतं.

ट्रम्प कार्डांवर, म्हणजे खेळाडूंचे आकडे लढवून खेळायच्या पत्त्यांवर, साल क्वचित असतं, पण आकडे तारीख सांगतात. ब्रायन लाराच्या पत्त्यावर कसोटीची सर्वोच्च ३७५ असेल तर तो एप्रिल १९९४ नंतरचा आणि ४०० असेल तर एप्रिल २००४ नंतरचा. कुंबळेच्या एका डावात दहा विकेट दिसल्या तर फेब्रुवारी १९९९ च्या आधीचा नाहीच. हे पाहिल्यावरच नंबरांची यादी करा. एकाच चित्राचे दोन पत्ते वेगवेगळ्या संचांतले असतात आणि घाईत चुकीचा विकत घेतला जातो.

आता त्या शपथेवाल्या पोराला थोडा न्यायही द्यायला हवा. अमेरिकेत १९३३ मध्ये गाउडी नावाच्या च्युइंगम कंपनीनं बेसबॉलच्या संचातला १०६ नंबरचा नॅप लाजोईचा पत्ता खरोखरच छापला नव्हता. पोरं तो मिळेल म्हणून गम घेत राहिली. लोकांनी तक्रारीची पत्रं लिहिली तेव्हा १९३४ मध्ये छापून त्यांना पोस्टानं पाठवला.

उरलेल्या पाचसाठी पाकिटं फोडत बसणं

नवीन संचाच्या बाबतीत हे होतं. १०० पत्त्यांचा संच असेल आणि सगळे सारखेच छापलेले असतील, तर पहिले ५० वेगळे जमायला सरासरी ६९ पत्ते पुरतात. पूर्ण संचाला सुमारे ५१९ लागतात आणि त्यातले २२८ फक्त शेवटच्या पाचसाठी. पंच्याण्णव झाले की पाकीट बंद, अदलाबदल सुरू.

पुस्तकी शब्दांनी शोधणं

विकणारा ‘ट्रेडिंग कार्ड’ लिहीत नाही. तो ‘क्रिकेट पत्ते’, ‘जुने फोटो’, ‘बबलगमचे स्टिकर’, ‘लेकरांचे खेळणे’ असं काहीही लिहितो. गावाचं नावही दोन्ही प्रकारे टाका : छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद, धाराशिव आणि उस्मानाबाद. नाव बदलून काही वर्षं झाली, पण जुन्या जाहिराती जुन्याच नावानं पडून आहेत.

मोबाइलच्या पलीकडं, खरी जागा म्हणजे तालुक्याची जुनी जनरल स्टोअर. सेलूत एका दुकानात तासभर उभा होतो.

“काय हुडकायलात?”

“काका, जुने क्रिकेटचे पत्ते हायत का?”

“आता कुठले? वर माळ्यावर असले तर बगा. पण उंदरानं ठेवले असले तर.”

उंदरानं निम्मे ठेवले होते. बिग फन नावाच्या बबलगमसोबत निघणाऱ्या धावा-विकेटच्या चित्रांसाठी तर दुकानच आधी बघा. पोरं ती जमवून बक्षिसासाठी दुकानातच देऊन टाकायची.

आणि उशीर करू नका. घट बसायच्या आधी आपल्याकडं गोधड्यांपासून माळ्यापर्यंत सगळं घर निघतं, आणि लेकरांचे डबे थेट भंगारवाल्याकडं जातात. मावशी-आत्यांना पोळ्याच्या सुमारास फोन करा. दसऱ्याला केलेल्या फोनवर “अगं बाई, कालच दिलं की” हेच ऐकायला मिळतं.

निळा टॉर्च मारून खरं-खोटं ठरवणं

जांभळ्या-निळ्या दिव्याखाली चमकलं तर नकली, ही युक्ती खूप जुन्या कार्डांसाठी आहे. १९५० च्या आसपास कागदात उजळपणाची रसायनं यायला लागली, त्यामुळं नव्वदीतला अस्सल पत्ताही चमकू शकतो. त्यापेक्षा सोनाराकडचं भिंग घ्या. अस्सल छपाईत काळी अक्षरं भरीव दिसतात. स्कॅन करून पुन्हा छापलेल्यात अक्षरंही रंगीत ठिपक्यांची होतात. शिवाय तुमच्याकडच्या त्याच संचातल्या पत्त्यावर ठेवून बघा. एक बाजू मिलिमीटरभर कमी असेल तर कडा कापलेली आहे.

पैशांबद्दल एकच. तुम्ही विकत असाल आणि समोरचा म्हणाला, “पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका,” तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

जपण्याच्या नादात

रबरबँड लावला की कडेला खाच पडते, आणि मे महिन्यात तो वितळून चिकटतो. वहीत खळीनं डकवलेला पत्ता पाण्यात भिजवू नका, गुळगुळीत छपाई सुटते. पानासकट कापून ठेवा. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी चांगली, पीव्हीसीची नको. लॅमिनेशन तर कधीच नाही, ते पुन्हा निघत नाही.

माझा शेवटचा नंबर गेल्या वर्षी लातूरच्या एका सद्गृहस्थांकडं मिळाला. पैसे घ्यायला तयार नव्हते. पाकीट आलं, दोन पुठ्ठ्यांमध्ये नीट बांधलेलं. आत पत्ता, चकचकीत लॅमिनेट केलेला, आणि चिठ्ठी : ‘खराब होऊ नये म्हणून मुद्दाम करून घेतलं.’

मी फोन करून आभार मानले. दुसरं काही बोललो नाही.