‘काही खातच नाही हो!’ मुलांना भरवताना या चुका टाळा

‘वर्षाचा होईपर्यंत छान खायचा, आता तोंडच उघडत नाही.’ दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या आईशी बोललं की हे ऐकू येतंच. यातली पहिली चूक ताटापाशी होत नाही, ती हिशेबात होते. जन्मताना 3 किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण 9 किलोचं होतं. दुसऱ्या वर्षात मात्र वजन दोन-अडीच किलोनेच वाढतं आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत वर्षाला 2 किलोच्या आसपास. वाढ मंदावली की भूकही उतरते. बाळसं झडतं, मूल उंच आणि सडपातळ दिसू लागतं. नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं, ‘किती वाळलाय गं!’ आणि वाटी-चमचा घेऊन त्याच्यामागे घरभर फिरणं सुरू होतं.

शेवटचा घास

चिऊचा घास, काऊचा घास यात वाईट काही नाही. मूल तुमच्याकडे बघत असतं, तुम्ही त्याच्याकडे. बिघडतं ते त्याने तोंड फिरवल्यावर. तोंड फिरवणं, ओठ मिटणं, घास गालात धरून ठेवणं म्हणजे ‘पोट भरलं’ असंच ते सांगत असतं. त्यावर ‘आता हा शेवटचा’ म्हणत आणखी पाच घास गेले, की पोटापेक्षा आईचा चेहरा बघून खायचं असतं हे मूल शिकतं. काही मुलं अशाने जेवणाचाच धसका घेतात. काहींना भरल्यापोटी खायची सवय लागते आणि पुढे वजन वाढतं. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते आपण ठरवावं. किती खायचं ते मुलावर सोडावं.

‘पानात टाकू नये’ हा संस्कार मलाही प्रिय आहे. पण तो पाळायची जबाबदारी वाढणाऱ्याची. दोन वर्षांच्या मुलाला दोन मोठे चमचे भात, तेवढंच वरण, थोडी भाजी एवढंच वाढा. हवं तर ते मागेल.

मोबाइल लावून भरवणं

व्हिडिओ बघताना वाटी पटकन रिकामी होते, हे खरं. पण मुलाला ना चव कळते, ना पोट भरल्याचं कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच. सवय लागली असेल तर दिवसातलं एक जेवण निवडा, बहुधा रात्रीचं, आणि त्या वेळी घरातल्या सगळ्यांचेच फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

‘निदान दूध तरी पिऊ दे’

ही चूक मायेपोटी होते, म्हणून लवकर लक्षात येत नाही. जेवला नाही म्हणून बाटलीभर दूध, मग भूक नाही, मग पुन्हा दूध. वर्षानंतर दिवसाला 400 ते 500 मिली दूध पुरतं. दुधात लोह अगदीच कमी असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या 67 टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. चहात बुडवलेलं बिस्किट त्यात भरच घालतं, कारण चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही.

भाजीसाठी चॉकलेटची लाच

यातून मुलाला इतकंच कळतं, की भाजी ही शिक्षा आहे. नवी चव ओळखीची व्हायला ती 10-15 वेळा समोर यावी लागते. माझ्या मुलीने लाल भोपळ्याची भाजी तीनेक महिने पानात बाजूला सारली. आम्ही काही न बोलता चमचाभर वाढत राहिलो. एकदा मी घारग्यांसाठी भोपळा वाफवून ठेवला होता, तो तिने आपणहून उचलून खाल्ला. त्या दिवशी मला खरंच भरून आलं.

भूक वाढवायचं सिरप

डॉक्टरांना न विचारता आणू नका. अशा काही सिरपमध्ये सायप्रोहेप्टाडीन असतं. हे मुळात ॲलर्जीवरचं औषध आहे आणि त्याने गुंगी येते.

काळजी कधी करायची?

शेजारच्या गुटगुटीत बाळाशी तुलना नको. अंगणवाडीत मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचा आलेख असतो, तो बघा. एकेका ठिपक्यापेक्षा रेषा कुठे चालली आहे ते महत्त्वाचं. रेषा आडवी झाली, खाली वळली, मूल फिकट दिसतंय, माती खातंय, गिळताना ठसकतंय, तर डॉक्टरांकडे जा. उंचीच्या मानाने वजन झपाट्याने चढत असेल तरीही जा, भले सगळे त्याला ‘छान भरलाय’ म्हणोत.

बदल करायचा तर तीन जेवणं आणि दोन वेळा खाऊ ठरवून घ्या. मध्ये अडीच-तीन तास फक्त पाणी. अर्ध्या तासाने ताट न रागावता उचला. सुरुवातीला मूल कमी खाईल, संध्याकाळी रडेल, आणि आजीचा हात बिस्किटाच्या डब्याकडे जाईल. तिला आधीच विश्वासात घ्या. त्या दिवशी रात्रीचं जेवण सातलाच वाढा, आणि गरम वरणभातावर तूप आजीच्याच हातून पडू दे.