बटण दाबून एक्सेलमधल्या नोंदी काढताना
एक्सेलमध्ये नको असलेल्या नोंदी काढायला मॅक्रोचं (एक्सेलमधलं काम आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं) बटण ठेवलं असेल, तर मॅक्रोने उडवलेली ओळ कंट्रोल-झेडने परत येत नाही हे पक्कं लक्षात ठेवा. म्हणून कोडमध्ये डिलीटच्या आधी ती ओळ ‘जुन्या नोंदी’ अशा वेगळ्या शीटवर कॉपी करून घ्या. ‘नक्की काढायची का?’ असं विचारणारी चौकटही हवीच. तिच्यात आधीपासून निवडलेलं उत्तर ‘नाही’ असू द्या, म्हणजे घाईत एंटर दाबला गेला तरी नोंद जागेवर राहते.

दुसरी चूक फार जणांकडून होते: लूप, म्हणजे एकेक ओळ तपासत जाणारा कोडचा भाग, वरून खाली चालवतात. समजा, सोसायटीच्या यादीत ७ आणि ८ या दोन्ही ओळींवर ‘घर सोडले’ असा शेरा आहे. ७वी ओळ उडाली की ८वी वर सरकून ७वी होते, लूप मात्र पुढे ८वर जातो. ती नोंद तशीच राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. त्यामुळे शेवटच्या ओळीपासून वर या, लूपची स्टेप उणे १ ठेवा, म्हणजे तो दर वेळी एक ओळ वर सरकतो.

फाइल एक्सएलएसएम प्रकारातच सेव्ह करा. साध्या एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो टिकत नाही.